गुंगीतला होकार

सोमवार, ६ जानेवारी

दाढ माझी आणि सभा साऱ्या घराची! मी समोर बसलेली, तरी बोलणं चाललंय माझ्या डोक्यावरून. मुलगा म्हणतो, "आईचं एकदाचं उरकून टाकू." उरकायला मी काय खरकटी भांडी आहे?

लेक दोन गल्ल्या सोडून राहते. तिला फोन करून बोलावून घेतलेलं. आमची फौजदारीण ती, दारातूनच हुकूम सोडत आली. "आई, आ कर." नाही केलं. गाल सुजून टोमॅटो झालाय ते बाहेरूनच दिसतंय, आत काय बघायचंय तुला?

सून भिंतीला टेकून उभी. ती फार बोलत नाही. शाळेच्या कचेरीत दिवसभर लोकांशी बोलून येते, घरी आली की तोंडाला सुट्टी.

गेल्या वर्षीचं सगळ्यांनी पुन्हा उगाळलं. तेव्हा एका दातवाल्याकडे नेलं होतं. खुर्ची मागे झुकली, दिवा डोळ्यांवर आला, आणि मी उठून चालू पडले. गळ्यात त्यांचं निळं फडकं तसंच! बसच्या थांब्यावर लोक टकामका बघतायत आणि मला कळेना का. मुलगा अजून हे हसून हसून सांगतो. स्वतः बस चालवतो ना, त्याच्या सगळ्या मित्रांना पाठ झालंय. हसा. फडकं चांगलं निघालं, शिवणाचं मशीन पुसायला वापरते.

शेवटी ठरलं काय? नवी डॉक्टरीण. कोणी ठरवलं? लेकीने. मला विचारलं का? छे!

मंगळवार, ७

लवंगेचं तेल लावलं. जीभ भाजली, दाढ तशीच.

गुरुवार, ९

जाऊन आले. पळाले नाही. हे आधी लिहून ठेवते, कारण घरात कोणी त्याचं कौतुक केलेलं नाही.

डॉक्टरीण वयाने माझ्या मुलाहूनही लहान. खुर्चीत बसवलं नाही, साध्या स्टुलावर समोरासमोर बसली. म्हणाली, "आजी, दातांच्या कामाची भीती वाटते का?"

म्हटलं, भीती नाही. भरवसा नाही.

तिने पेन खाली ठेवलं. मग मी सांगितलं. सहा-सात वर्षांची असेन. काका म्हणाला, चल, तुला झोपाळा दाखवतो. गेले उड्या मारत. झोपाळा नव्हताच. एक माणूस होता, हातात पक्कड. काका माझ्या पायांवर बसला. दुखलं ते मी कधीच विसरले. झोपाळा नव्हता हे विसरले नाही.

लेक म्हणाली, "आई, हे मला कधी सांगितलं नाहीस." तू कधी विचारलंस?

मग डॉक्टरणीने एकेक उपाय सांगितला. घाबरणाऱ्यांसाठी एवढे प्रकार असतात हे मला ठाऊकच नव्हतं. पहिला, नुसती हिरडीत सुई. जागा बधिर, माणूस टक्क जागा. दुसरा, गोळी. घरून निघायच्या आधी घ्यायची, अंग सैल पडतं, मन गप्प बसतं. पण कोणाला किती चढेल सांगता येत नाही, आणि एकदा गिळली की गिळली. तिसरा, गॅस. गॅस म्हटल्यावर मला शेगडीच आठवली! तसा नाही म्हणे. नाकावर रबरी टोपी घालतात, श्वास घेत राहायचं, हलकं हलकं वाटतं. टोपी काढली की थोड्या वेळात माणूस होता तसा. चौथा, हाताच्या शिरेतून औषध. आणि अगदीच कोणाचं जमत नसेल तर पूर्ण भूल, पण ती मोठ्या दवाखान्यात.

चौथ्याचं मी नीट विचारलं. ती म्हणाली, "झोप लागत नाही आजी. तुम्ही ऐकता, विचारलं तर बोलता, तोंड उघडा म्हटलं की उघडता. फक्त नंतर बहुतेक काही आठवत नाही."

"बोलते आणि आठवत नाही? मग बोलतं कोण?"

ती हसली. लेकही हसली. मी काही विनोद केला नव्हता.

मी गॅस घेतला. कारण सरळ आहे. टोपी माझ्या नाकावर आणि हात माझे मोकळे. नको वाटलं की ओढून काढीन. शिवाय खूण ठरली. डावा हात वर केला की तिने थांबायचं, मग काय वाट्टेल ते चाललेलं असो.

मग तिने आरसा घालून सगळं तोंड फिरून पाहिलं. वरच्या पुढच्या दोन दातांपाशी थबकली. "इथे खाच कशाची, आजी?"

दोऱ्याची. लग्नाआधीपासून शिवते मी. चेन बसवायची, पँटची लांबी कमी करायची, अस्तर बदलायचं, दोरा तोडायचा तो याच दोन दातांनी. कातरी उचला, ठेवा, शोधा, एवढा वेळ कोणाला आहे? दोरा बरोबर त्या खाचेत बसतो, डोळे मिटून. तीच माझी कातरी.

"हे दोन्ही हलतायत. दाढेबरोबर काढलेले बरे. आज ना उद्या पडतीलच."

म्हटलं, पडतील तेव्हा पडतील. पडणं वेगळं, पाडणं वेगळं. दाढ काढा, बाकी कशाला हात लावायचा नाही. लिहून घ्या.

तिने लिहून घेतलं. लेकीने ऐकलं. सुनेनेही ऐकलं. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं होतं.

सूज उतरायला औषध दिलंय. सोमवारी बोलावलंय.

शुक्रवार, १०

लेकीचा फोन. "पळणार नाहीस ना?" म्हटलं, नवं फडकं मिळवायला तरी येईन.

रविवार, १२

सूज उतरली आणि सर्दी आली! नाक असं चोंदलंय की तोंडाने श्वास घेऊन घेऊन घसा वाळला. मुलगा म्हणतो, "आई, हे तू मुद्दाम केलंस." हो रे बाबा, बाजारात जाऊन दोन किलो सर्दी घेऊन आले.

मंगळवार, १४

काल काही लिहू नका म्हणाले होते. लिहायचं नाही, शेगडीपाशी जायचं नाही, कशावर सही करायची नाही. सही करू नका हे बरं सांगतात! कारण आता कळलंय मला.

क्रमाने लिहिते. राग आला की माझं बोलणं फाटतं, टाके नीट घालायला हवेत.

काल सकाळी सुनेच्या हातचा चहा पिऊन गेलो. लेक, सून आणि मी. सर्दीने रात्रीची झोप झाली नव्हती, अंग जड, पायात जोर नाही. खुर्चीत बसले. उठले नाही, पळावंसं वाटलं नाही, माझं मलाच नवल! डॉक्टरणीने रबरी टोपी नाकावर धरून बघितली. म्हणाली, "आजी, गॅस नाकातूनच जायला हवा. तुमचं नाक तर पार बंद आहे. दोन गोष्टी करता येतील. सर्दी जाईपर्यंत थांबू, नाहीतर शिरेतून देऊ."

आणि मी म्हटलं, द्या शिरेतून.

मी! बटणाच्या रंगावरून गिऱ्हाइकाशी अर्धी दुपार वाद घालणारी मी. लेकसुद्धा बघत राहिली. म्हणाली, "आई, नक्की ना?" म्हटलं, नक्की. नाही म्हणायला जोर लागतो आणि तो काल नव्हता. पण ते हो मीच म्हटलं. स्वच्छ आठवतंय. त्याचा दोष दुसऱ्या कोणाच्या माथी मारणार नाही.

लेक म्हणाली, "मी बसते ना शेजारी." सून बाहेर थांबली. बोटाला चिमटा लावला, हातावर पट्टी बांधली, बारीकशी सुई. डॉक्टरीण म्हणाली, "आता जरा गरगरल्यासारखं वाटेल."

पुढचं कापून टाकल्यासारखं. मध्ये फक्त एक आठवतं, माझ्या डाव्या हातावर कोणाचातरी ऊबदार हात. घट्ट. बरं वाटलं होतं.

घरी आणून निजवलं. दुपारी बधिरपणा उतरायला लागला तशी जीभ फिरायला निघाली. जीभ बाई मोठी चौकस. मागे गेली, दाढेच्या जागी खड्डा, कापूस. म्हटलं, झालं, सुटले. मग पुढे आली. आणि सरळ बाहेर! दार उघडं राहिल्यासारखी.

आरसा मागितला. सुनेने दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

दोन्ही गेलेले. खाचेसकट.

बुधवार, १५

लेक आली. हातात सूपचा डबा. मी डबा बाजूला ठेवला आणि ओठ वर करून दाखवला.

"हे काय?"

"आई, अगं, तूच हो म्हणालीस."

"मी? कधी?"

"खुर्चीत. डॉक्टरांनी विचारलं, आजी, पुढचे दोन पण काढूया का? तू हं म्हणालीस. मी स्वतः ऐकलं."

"तोंडात कापूस, नळी आणि तिची चार बोटं. हं शिवाय दुसरं काय येणार? किती वाजले विचारलं असतं तरी हंच म्हटलं असतं मी!"

"मान पण हलवलीस."

"मान माझी होती. हलवणारी मी नव्हते."

मुलगा मध्ये पडला. "जाऊ दे ना आई. पडणारच होते ते."

"तूही एक दिवस पडणार आहेस. म्हणून आज ढकलू?"

त्याने पेपर उघडला. बापासारखाच, भांडण आलं की बातम्या आठवतात.

लेकीचा आवाज चढला. "परत परत तुला तिथे कोण नेणार? दर वेळी हे नाटक! एकदाच्या गुंगीत सगळं झालं, तर बरंच झालं ना?"

कोणासाठी बरं? मला दाताचं दुःख नाही असं नाही. पण त्याहून मोठं हे की मला शुद्धीवर विचारलं होतं, मी शुद्धीवर नाही म्हटलं होतं. मग गुंगीतल्या बाईला पुन्हा विचारायचं कारणच काय? शुद्धीतली पटत नाही म्हणून बेशुद्धीतली गाठायची?

सून दारात उभी होती. ती एरवी नणंदेपुढे ब्र काढत नाही. आज म्हणाली, "ताई, आईंच्या तोंडातलं आईंनी ठरवायला हवं होतं."

एवढंच. पण एवढं म्हणणारी घरात ती एकटीच निघाली. पोटच्या दोघांपैकी कोणी नाही.

लेक ताडताड निघून गेली. सूपचा डबा तसाच. प्यायले. अन्नावर कसला राग!

शुक्रवार, १७

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची पँट होती, लांबी कमी करायची. शेवटचा टाका घातला आणि सवयीने दोरा तोंडात नेला. हिरड्यांनी चावला. ओला झाला, तुटला नाही. तसाच धरून बसले थोडा वेळ.

मग कातरीला नाडी बांधून गळ्यात अडकवली.

'स' म्हणताना शिट्टी वाजते. सुनेला हाक मारली तर शेजारचा कुत्रा बघतो!

शनिवार, १८

डॉक्टरणीकडे गेले. टाके बघायला बोलावलंच होतं. लेकीला कळवलं नाही, सुनेला घेऊन गेले. वाटेत तिला म्हटलं, तू बाहेर बस, मला एकटीला बोलायचंय.

डॉक्टरीण म्हणाली, जखम छान भरतेय. म्हटलं, जखमेचं नंतर. मी दाढ सांगितली होती, तीन का गेले?

ती खोटं बोलली नाही. त्याबद्दल तिला एक मार्क देते. म्हणाली, "आजी, दाढ काढताना पुढचे फारच हलताना दिसले. घशात जातील की काय वाटलं. मी तुमच्या मुलीला विचारलं."

"मुलीला? दात माझे."

"त्या म्हणाल्या, आईशी घरी बोलणं झालंय, ती तयार आहे, फक्त डॉक्टरांपुढे कबूल करायला तिला जड जातं. मग मी तुम्हालाही विचारलं. तुम्ही हं म्हणालात."

घरी बोलणं झालंय! कोणत्या घरी? माझ्या घरी तरी नाही.

म्हटलं, तुम्हीच सांगितलं होतंत ना, बोलते पण आठवत नाही? मग तसल्या बाईचं हं तुम्ही धरलंत कसं?

तिने हातमोजे काढून ठेवले. मग म्हणाली, "धरायला नको होतं. त्या औषधानंतर दिलेला होकार आम्ही होकार मानत नाही. तातडीचं काही नव्हतं. थांबायला हवं होतं, तुम्ही पूर्ण जाग्या झाल्यावर विचारायला हवं होतं. चूक माझी आहे आजी. मी माफी मागते."

एवढी शिकलेली बाई माझ्यासमोर मान खाली घालून बसली. माझा अर्धा राग तिथेच गेला. उरलेला अर्धा मी सांभाळून ठेवला, तो दुसरीकडे द्यायचा होता.

निघता निघता विचारलं, मी हात वर केला होता का? डावा? आपली खूण होती.

तिने आधी मदतनीस मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पुढच्या दातांच्या वेळी हात जरा उचलला होता तुम्ही. पण तुमच्या मुलीने तो हातात घेतला. आम्हाला वाटलं, धीर देतायत."

मलाही तसंच वाटलं होतं. ऊबदार हात. घट्ट.

बाहेर आले. सून उठून उभी राहिली. म्हणाली, "आई, पाणी देऊ?" मी मान हलवली. या खेपेला मीच हलवली.

रविवार, १९

लेकीला बोलावून घेतलं. बस म्हटलं नाही.

"हात धरलास का?"

तिला वाटलं असेल, मी हळूहळू वळण घेत येईन. चेहरा पांढरा पडला.

"कोण म्हणालं?"

"धरलास का ते सांग."

"धरला. होय, धरला! तू उठली असतीस, आई. तोंडात रक्त, हातात सुई, आणि तू उठून चालू पडली असतीस बसच्या थांब्यावर! माझ्या जिवाचं काय झालं असतं ते आहे का तुला ठाऊक?"

"मी थांबा म्हणत होते."

"तू नेहमीच थांबा म्हणतेस!"

"आणि घरी बोलणं झालंय, हे? ते कुठे झालं?"

तिने पर्सची चेन उघडली, बंद केली, उघडली, बंद केली. ती चेन मीच बसवून दिलेली. मग रडायला लागली. लहानपणी रडायची तसं, नाक पुसत, हुंदके देत. मी जवळ घेतलं नाही. माझे हात मांडीवरच राहिले. रडणाऱ्याला जवळ घ्यायचं असतं हे मला कळतं. पण मी तिला विचारलेल्या गोष्टीचं उत्तर ते रडणं नव्हतं.

म्हटलं, काकाने निदान झोपाळा तरी सांगितला होता. तू माझ्या शेजारी बसते म्हणालीस आणि शेजारी बसूनच केलंस. आता मी बोलावल्याशिवाय येऊ नकोस.

"आई, वेडी आहेस का तू? दोन दातांसाठी?"

नाही. दोन दातांसाठी नाही. एवढं तिला कळत नसेल तर समजावून सांगायला माझ्याकडे आता पुरेसे दात नाहीत.

ती गेली. मुलगा म्हणाला, "जरा जास्तच केलंस." म्हटलं, तू पेपर वाच.

सोमवार, २०

बरं नाही वाटत. अंगाला काही झालेलं नाही.

गुरुवार, २३

सून हल्ली शाळेतून आली की मशीनपाशी येऊन बसते. सुया ओवून ठेवते, रांगेत, उशीला टोचून. माझ्या नजरेला आता सुईचं नेढं सापडत नाही. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आज लवकर आली होती. मी कोटाचं अस्तर उसवत होते. म्हटलं, एक सांगू? तुला मी कधी नीट ओळखलंच नाही. लेक बोलघेवडी, तिचं सगळं दिसायचं. तू गप्प, तर मला वाटायचं, हिच्या मनात काय आहे देव जाणे. आता कळलं, तू एकटीच माझ्या बाजूने उभी राहिलीस.

ती म्हणाली, "असं काही नाही हो आई."

"आहे तसं. सबंध या प्रकरणात माझ्या पदरात चूक एकच आहे. शिरेतून द्या असं मी म्हटलं. थांबते म्हटलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. कोणी भाग पाडलं नव्हतं. तेवढं हो माझं स्वतःचं, त्याला मी दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवणार नाही."

ती सुई ओवत होती. दोरा दोनदा चुकला. मग म्हणाली, दूध उतू जाईल, बघून येते. मी तिच्या लाजेचं मनात कौतुक केलं. आपल्याबद्दल कोणी चांगलं बोललं की हिला तिथे थांबवत नाही!

मंगळवारी दोन नवे दात बसवायचं माप घ्यायला जायचंय. डॉक्टरणीने ते आपल्या खर्चाने करून देते म्हटलंय. तिथल्या कागदावर जवळचं माणूस म्हणून लेकीचं नाव आहे. मुलाला सांगून टाकलं, ते खोडून सुनेचं घालायचं. मी शुद्धीवर नसताना काही विचारायचं झालं तर तिलाच विचारायचं, दुसऱ्या कोणाला नाही.

मुलगा म्हणाला, "ताईला लागेल." लागू दे. मलाही लागलंय.

शनिवार, २५

लेकीने दाराशी सफरचंदं ठेवली आणि बेल न वाजवता गेली. खिडकीतून बघितलं मी. चालताना खांदे पडलेले. हाक मारणार होते. 'स'ची शिट्टी तिच्या नावात नाही, हाक नीट गेली असती. मारली नाही.

सफरचंदं खाणार कशाने, हाही एक प्रश्नच!

मंगळवार, २८

मापाला गेले. सून बाहेर टेबलापाशी आपलं नाव लिहून देत होती. मदतनीस मुलगी माझ्या तोंडात मापाचा लगदा धरून उभी. बोलकी आहे. म्हणाली, "आज कशा ताठ चालत आलात आजी! त्या दिवशी गोळीने पाय लटपटत होते तुमचे. म्हणून तर डॉक्टरांनी सुईतलं औषध कमी दिलं."

लगदा काढायला लावला. कसली गोळी?

"घरून द्यायची ती हो. आदल्या दिवशी तुमच्या सूनबाई घेऊन गेल्या. म्हणाल्या, आजीच मागतायत. कडू लागते त्यांना, म्हणून सकाळी चहात विरघळवून देते. मुलीलाही सांगू नका म्हणाल्या, ती उगीच चिडेल."

म्हणजे ते एक हो, जे मी माझं म्हणून उराशी धरून बसले होते, तेही माझं नव्हतं. आणि ते तिच्याच तोंडावर मी तिला सांगितलं!

घरी येईपर्यंत तिच्याशी अवाक्षर बोलले नाही. संध्याकाळी सगळ्यांना बसवणार आहे. लेकीला मी स्वतः फोन केला, ये म्हटलं. मुलाने बायकोची बाजू मांडायची नाही. लेकीने आरडाओरडा करायचा नाही. सुनेने माझ्यासमोर बसायचं, माझ्याकडे बघायचं, आणि उत्तर तिने द्यायचं. फक्त तिने.